नॅलोक्सोन बंदरावर ठेवा: रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या प्रशासनाला खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी आणि पोलीस अधीक्षक, दोन्ही जिल्ह्यांचे,

साहेब आणि मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी बंदराला लागून मेडिकल चालवतो. मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सवड नाही झाली तरी चालेल. गर्दचा किंवा पेनकिलरच्या तसल्या गोळ्यांचा डोस जास्त होऊन माणसाचा श्वास बंद पडायला लागला तर त्याला परत आणणारं औषध आहे, नॅलोक्सोन नाव त्याचं, आणि ते आपल्याकडे जिथे डॉक्टर बसतात तिथे सापडतं, जिथे माणूस पडतो तिथे सापडत नाही. ते बंदरावर, बोटीवर, आशाताईंच्या पिशवीत, पोलीस ठाण्यात आणि ज्या घरात असा पोरगा आहे त्या घरात, फुकट, हाताशी ठेवायची सोय करा. हे चार ऑफिसांचं काम आहे, एकाचं नाही, म्हणून चौघांना एकत्र आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा कर्दे, लाडघर, केळशी, जिकडे तिकडे तीच चर्चा, पोलीस, कस्टम, कोस्ट गार्ड सगळे किनाऱ्यावर, पेपरात रोज फोटो. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चरसने माणसाचा श्वास थांबत नाही. श्वास थांबतो तो गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, ज्याच्या पुड्या पकडल्याच्या बातम्या आता आपल्या जिल्ह्यात कोणाला नवीन राहिल्या नाहीत, आणि ट्रामाडॉल, टेपेंटाडॉलसारख्या गोळ्यांनी, वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर अजूनच लवकर. ही सगळी अफूच्या जातीची औषधं, मेंदूतल्या ज्या जागेवर बसून वेदना बंद करतात तिथूनच श्वासाचा वेगही खाली आणतात. नॅलोक्सोन त्यांना त्या जागेवरून ढकलून स्वतः तिथे बसतं आणि दोन ते पाच मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो. चरस, एमडी, दारू यांच्यावर ते चालत नाही हे पण सांगून ठेवतो. पण ज्याने अफूवालं काही घेतलंच नाहीये त्याला चुकून दिलं तरी काही अपाय होत नाही, म्हणून शंका असली तरी द्यायचं, असंच शिकवतात.

आता हे मरण कसं येतं ते सांगतो कारण लोकांना वाटतं फिल्ममध्ये दाखवतात तसं तडफडून, तोंडाला फेस येऊन. तसं नसतं. माणूस झोपतो. जाळ्यांच्या ढिगावर, बोटीच्या केबिनमध्ये, घरी पडवीत, कुठेही. आणि घोरायला लागतो, पण ते घोरणं वेगळं असतं, घशात पाणी अडकल्यासारखा गुरगुर आवाज, मधे मोठा खंड, मग परत एक श्वास. ओठ आणि नखं निळसर पडतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीवर जोरात बोटं चोळली तरी हूं का चूं नाही. बाजूचे म्हणतात चढलीये, झोपू दे, घोरतोय म्हणजे ठीक आहे. तो ठीक नसतो साहेब, तो चाललेला असतो, आणि बऱ्याच वेळा ही प्रोसेस तासभर किंवा त्याहून जास्त चालते आणि बाजूला दोन-चार माणसं हजर असतात. म्हणूनच तर हे मरण टाळता येण्यासारखं आहे. माणूस एकटा नसतो, फक्त बाजूच्याच्या हातात काही नसतं. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, कोणी बादलीभर पाणी ओततो, कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबू पिळतो आणि ते श्वासनळीत जातं.

श्वास पूर्ण थांबला की मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. आता आपला नकाशा डोळ्यासमोर आणा. खाडीच्या टोकाला असलेली वाडी, वरून घाटी उतरून पाखाडीने खाली यायचं, गाडी वरच थांबते. १०८ वाल्यांना मी नावं ठेवणार नाही, ते पावसात दरडी चुकवत येतात आणि चांगलं काम करतात, पण चार मिनिटांत कोणीच येऊ शकत नाही, मुंबईतही नाही. आणि जी बोट पाच-सहा दिवसांसाठी बाहेर गेलीये, जिथे मोबाईलला रेंज नाही, तिच्यावर काय? तिथे १५५४ वर किंवा वायरलेसवर कोस्ट गार्डला कळवलं तरी मधला वेळ कोण भरून काढणार? जो बाजूला बसलाय तोच.

बोटीचा विषय निघालाच आहे तर खलाशांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण दुकानात बसून मला हे दिसतं. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या गोल जाळ्याच्या बोटीवर, तीस-तीस माणसं असतात, जाळं ओढायचं, बर्फ फोडायचा, क्रेट उचलायचे, झोप तुकड्या-तुकड्यात, कंबर आणि खांदे कामातून जातात. तो डॉक्टरकडे जात नाही, गोळी मागतो, आणि कोणीतरी कुठूनतरी अशी गोळी आणून देतो की दुखणं पण जातं आणि काम पण होतं. मी प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाही, पण मी दिली नाही म्हणून त्याला मिळत नाही असं थोडंच आहे. यातले बरेच जण नेपाळचे, काही कर्नाटकातले, काही आपलेच खालच्या-वरच्या वाड्यांमधले. बाहेरच्याला इथली भाषा धड येत नाही, घरचं माणूस जवळ नाही, आधार कार्डावरचा पत्ता हजार मैल लांबचा. त्याच्यासाठी दवाखान्यात भांडणारं कोणी नसतं.

आणि यात एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त सतावते, ती म्हणजे ऑगस्ट महिना. १ जूनला मासेमारी बंद होते, खलाशी गावी जातात, दोन महिने बायकोपोरांत राहतात, बरेच जण तिकडे काही घेत नाहीत किंवा मिळत नाही. शरीराची सवय मोडते. मग बंदी उठली की परत येतात, नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी बाहेर पडतात, आणि माणूस मे महिन्यात जेवढं घेत होता तेवढंच एकदम घेतो. मे महिन्यात ज्या डोसने नुसती गुंगी यायची त्याच डोसने ऑगस्टमध्ये श्वास थांबू शकतो. डॉक्टर लोक याला टॉलरन्स जाणं म्हणतात आणि जगभर हे नोंदलेलं आहे की जेलमधून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे आणि व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. म्हणजे आई सुटकेचा श्वास टाकते, पोरगा सुधारून आला, गणपतीला आरतीला उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच धोका सगळ्यात मोठा असतो. हे त्या आईला कोणी सांगत नाही. केंद्रातून सोडताना कागद देतात, गोळ्या देतात, पण ही एक गोष्ट तोंडाने सांगून हातात नॅलोक्सोन द्यायला काय हरकत आहे? स्कॉटलंडने २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमच केलाय, तिथे जेलमधून सुटताना कैद्याला किट देतात. आपल्याकडे रत्नागिरीला जेल आहे, सावंतवाडीला आहे.

आम्ही काय करतो ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती मागणी. आमच्या बंदरावर वाडीतली आणि मोहल्ल्यातली काही मंडळी एकत्र आलीये, त्यात दोन तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत, मासे विकणाऱ्या काकी आहेत, एक रिटायर सिस्टर आहेत, आणि तालुक्याचे एक डॉक्टर जे स्वतः पेशंट तपासून त्याच्या नावाने नॅलोक्सोन लिहून देतात, कारण हे शेड्यूल एचचं औषध, चिठ्ठीशिवाय मी देऊ शकत नाही आणि देणारही नाही. पैसे मंडळाच्या वर्गणीतून. औषध काही महाग नाही, १९६१ साली शोध लागलेला, १९७१ ला अमेरिकेत मान्यता मिळाली, पेटंट कधीच संपलंय. अडचण पैशाची नाही, अडचण ही की माझ्या स्टॉकिस्टकडे ते मागवावं लागतं, थांबावं लागतं, कारण त्याच्याकडून ते फक्त ऑपरेशन करणारी हॉस्पिटलं घेतात, भूल दिलेला पेशंट जागा करायला. मेडिकलवाल्यांकडून मागणीच नाही तर तो का ठेवेल.

सिस्टर शिकवतात. आधी हाक मारा, हलवा, छातीच्या हाडावर मुठीने चोळा. १०८ ला फोन. मग मान मागे करून तोंडाने श्वास द्या, पाच सेकंदाला एक. मग इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडाला, कपड्यावरून दिलं तरी चालतं. अँप्युल काचेची असते आणि तिथेच खरी गंमत होते, म्हणजे ज्या तांडेलाच्या बोटांना जाळ्याची बारीकातली बारीक गाठ अंधारात सुटते त्याच्या हातात ती इवलीशी काच टिकेना, मान मोडताना पूर्ण अँप्युलच चुरडली आणि अंगठा कापला. मग त्यानेच युक्ती काढली, खांद्यावरचा पंचा मानेला गुंडाळायचा आणि बाहेरच्या बाजूला मोडायची, आता सगळ्यांना तोच शिकवतो. पाणी भरून केळीच्या खोडावर सुई टोचायची प्रॅक्टिस करतात. हे इंजेक्शन ४०० मायक्रोग्रॅमचं, दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं द्यायचं. नंतर माणसाला कुशीवर वळवायचं आणि सोडून जायचं नाही, कारण नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि गोळी पोटात अजून शिल्लक असली तर श्वास परत बंद पडू शकतो, म्हणून हॉस्पिटल लागतंच. काचेची अँप्युल, सिरिंज, सुई, हे सगळं घाबरलेल्या माणसाने बॅटरीच्या उजेडात करायचं. परदेशात ४ मिलिग्रॅमचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, अमेरिकेत तर मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता पण मिळाली. सरकारने मनावर घेऊन एकगठ्ठा खरेदी केली तर असा स्प्रे आपल्या आशाताईंच्या हातात का नाही येणार?

काही लोक म्हणतात, आणि तुमच्यातही कोणाच्या मनात येत असेल, की गर्दुल्ल्यांना फुकट औषध कशाला, वाचवणारं आहे म्हटल्यावर अजून ओढतील. एक तर तो शब्द मला आवडत नाही, त्या पोराला आईने दुसरं नाव ठेवलंय. आणि नॅलोक्सोनने नशा येत नाही, उलट सगळी नशा झटक्यात उतरते, उलट्या, घाम, अंगाची मोडतोड, माणूस उठतो तो वैतागलेला उठतो. ते परत मिळावं म्हणून कोणी जास्त ओढेल ही कल्पनाच चुकीची आहे. शिकागोत १९९६ मध्ये व्यसन असलेल्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांच्या हातात नॅलोक्सोन द्यायला सुरुवात केली, तिथपासून जून २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांनी दीड लाखाहून जास्त सामान्य माणसांना किट दिले आणि २६,४६३ वेळा माणूस परत आणल्याची नोंद झाली. मॅसॅच्युसेट्सच्या १९ गावा-शहरांचा अभ्यास २०१३ मध्ये बीएमजे या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला, जिथे जास्त लोकांना शिकवलं होतं तिथे मृत्यूंचा दर जवळपास निम्म्याने कमी होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की ज्याच्या समोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे अशा प्रत्येकाला, मग तो मित्र असो, नातेवाईक असो, नॅलोक्सोन मिळालं पाहिजे आणि ते द्यायला शिकवलं पाहिजे. आणि परदेश कशाला, आपल्या मणिपूर-नागालँडमध्ये व्यसनातून गेलेलीच माणसं हे काम करत आली आहेत.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण महाडचं वाटतं. लाल विंचू चावला की आपल्या कोकणात पोरं पटापट जायची, शंभरातली चाळीसेक दगावायची असं डॉ. हिम्मतराव बावस्करांनीच लिहून ठेवलंय. १९७६ ला ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसले, आणि प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी विंचवावर चालते हे दाखवून दिलं, मृत्यू अगदी थोड्या टक्क्यांवर आले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या कामाचा अर्धा भाग शोधाचा होता, बाकीचा अर्धा हा की ती गोळी गावातल्या डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये पोचली. नॅलोक्सोनच्या बाबतीत शोध लागून ६० वर्षं झाली, आपल्याला फक्त तो दुसरा अर्धा करायचाय. विंचू चावलेल्याला कोणी विचारत नाही की तू तिथे हात का घातलास.

आता पोलीस अधीक्षकांना विनंती, आणि ही मनापासून आहे. पोरगा पडलाय आणि मित्र पळून गेले, हे आपण ऐकतो आणि मित्रांना शिव्या घालतो. ते पळतात कारण १०८ ला फोन केला की मागून पोलीस येणार आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागणार ही भीती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, अपघातातल्या माणसाला हॉस्पिटलला नेणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, त्यामुळे आता हायवेवर लोक थांबायला लागलेत. ओव्हरडोसमध्ये फोन करणाऱ्यासाठी तसा कायदा नाही, तो दिल्लीला व्हायचा तेव्हा होईल. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे, जो स्वतःहून उपचार घ्यायला तयार आहे त्याला सेवनाच्या आणि थोड्या मालाच्या केसमधून सूट मिळू शकते. म्हणजे कायद्याची वृत्ती पण उपचाराकडेच आहे. तुम्ही एवढंच जाहीर करा की आमच्या जिल्ह्यात ओव्हरडोसचा फोन आला तर आधी माणूस वाचवला जाईल, फोन करणाऱ्याची झडती घेतली जाणार नाही. विकणाऱ्यांना पकडा, त्यांना अजिबात सोडू नका, त्याबद्दल आमची एका शब्दाची तक्रार नाही. आणि सागरी पोलीस ठाण्यात आणि गस्तीच्या गाडीत नॅलोक्सोन ठेवा, कारण खूप वेळा सगळ्यात पहिला पोचणारा तुमचाच माणूस असतो.

आकड्यांबद्दल थोडं. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे देशात साधारण २.२६ कोटी लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेतात आणि त्यातल्या जवळपास ७७ लाख लोकांना त्याचा त्रास आहे किंवा ते त्यात अडकलेत. आणि एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, २०२२ च्या अहवालात अख्ख्या देशात ओव्हरडोसने मेलेले किती, तर ६८१. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०१९ मध्ये जगात सव्वा लाखाच्या आसपास माणसं ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूच्या जातीच्या औषधांच्या, ओव्हरडोसने गेली. ७७ लाखातून ६८१ हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटणार नाही. बाकीचे हार्ट अटॅकमध्ये, बुडून मेला मध्ये, दारूने गेला मध्ये जमा होतात. घरच्यांनाही लाज वाटते, लग्नाची मुलगी असते घरात, ते म्हणतात साहेब अटॅकच लिहा. म्हणून जिल्हा शल्य चिकित्सकांना सांगणं आहे की तरुण माणूस झोपेत गेला अशी केस आली तर पोस्टमॉर्टेमला ही शंका धरून तपासा आणि वर्षाचा आकडा, नावं न देता, जाहीर करा. आकडा नाही तर बजेट नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

मला माहितीये तुम्ही म्हणाल हे राज्याकडून यायला पाहिजे. काही यायला पाहिजे, पण काही तुमच्या सहीने होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि उपकेंद्रांच्या औषधांच्या मागणीत नॅलोक्सोन टाकणं, १०८ मध्ये आहे का आणि एक्स्पायर झालेलं तर नाही ना हे बघणं, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना एक दिवसाचं ट्रेनिंग देणं, बोटीच्या फर्स्ट एड पेटीत ते ठेवायला मत्स्य व्यवसाय विभागाशी बोलणं. व्यसन सोडायचंय त्याच्यासाठी १४४४६ हा केंद्राचा फुकट हेल्पलाईन नंबर आहे, तो मराठीत, हिंदीत आणि नेपाळीत मिरकरवाडा, हर्णै, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा प्रत्येक जेटीवर रंगवून टाका, रंग आम्ही देतो.

यंदाची बंदी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, खलाशी गावाला जायच्या तयारीत असतात तेव्हा चौघांपैकी कोणीही एक अधिकारी संध्याकाळच्या लिलावानंतर बंदरावर या. सिस्टर येतील, तांडेल येतील, डॉक्टर येतील, मी अँप्युल आणि सिरिंज घेऊन येतो. अर्ध्या तासात सगळं दाखवतो, आणि तुमच्या ड्रायव्हरला पण शिकवतो. तारीख तुम्ही कळवा, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर कळवलं तरी मिळेल.

आपला नम्र,
बंदरावरचा एक मेडिकलवाला